अपंगांना दया नको, वाटा द्या!



आपण नुकतीच धम्मदीक्षा घेतली आहे. घरातील देव्हारा उतरवून त्या जागी आपण भगवान बुद्धांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा लावली आहे. बावीस प्रतिज्ञा आपण मोठ्याने उच्चारल्या आहेत. सर्व मनुष्यमात्र समान आहेत ही नववी प्रतिज्ञा, आणि ती समता स्थापन करण्याचा यत्न मी करीन ही दहावी. या दोन प्रतिज्ञांच्या साक्षीने मी आपणांस आज एक अप्रिय प्रश्न विचारणार आहे. आपल्या घरात, भावकीत, वस्तीत जो आंधळा आहे, बहिरा आहे, पांगळा आहे, ज्याची बुद्धी मंद आहे, तो या 'सर्व' शब्दात येतो की नाही?

आपण म्हणाल, येतो. मग मी पुढे विचारीन. मुलीला पाहावयास पाहुणे येतात त्या दिवशी तिचा पांगळा भाऊ मागच्या खोलीत का बसविला जातो? बुद्धजयंतीच्या मिरवणुकीत वस्तीतील सारी मुले असतात, तेव्हा न ऐकू येणारी मुलगी घरी भांडी का घाशीत असते? वारसनोंदीच्या वेळी तलाठ्यापुढे सर्व भावांची नावे सांगितली जातात, आणि एकाचे नाव हळूच गाळले जाते, ते कोणाचे असते?

मी वकील आहे. दुसऱ्याकडे बोट दाखविण्यापूर्वी स्वतःचा गुन्हा कबूल करतो. वकिलीच्या पहिल्या काही वर्षांत माझ्याकडे आपल्याच समाजातील तीन भाऊ आले. वडील वारले होते. थोडी जमीन आणि घर मागे होते. मधला भाऊ जन्मतः बहिरा व मुका. थोरल्याने सांगितले की मधला आपला हिस्सा राजीखुशीने सोडतो आहे, आम्ही त्याला जन्मभर सांभाळू. मी हक्कसोडपत्राचा मसुदा केला. दुय्यम निबंधकापुढे त्या भावाला काय विचारले गेले आणि त्याने काय उत्तर दिले, हे त्याचा थोरला भाऊच सर्वांना सांगत होता. म्हणजे ज्याला जमीन मिळणार होती तोच दुभाषा! मधल्याने हसत हसत अंगठा दिला. मी माझी फी घेतली. काही वर्षांनी तो न्यायालयाच्या आवारात मला शोधीत आला. त्याच्या हाती सातबाऱ्याचा उतारा होता. उताऱ्यावरील दोन्ही भावांच्या नावांवर त्याने बोट ठेवले, मग ते बोट स्वतःच्या छातीवर ठेवले, आणि माझ्याकडे पाहत राहिला. त्याला वाचता येत नव्हते. पण तिथे दोनच नावे आहेत आणि तिसरे नाही, हे त्याला समजले होते. त्या घरात बुद्धांची तसबीर होती, बाबासाहेबांची होती. मीही बौद्धच होतो. आम्ही सर्वांनी मिळून एका माणसाचे नाव कागदावरून पुसले होते.

हा अन्याय आम्ही कोणत्या ग्रंथावरून शिकलो? धम्मपदावरून नव्हे, आणि 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथावरून तर नव्हेच. हे कलम मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायातील आहे. त्या अध्यायाचा 201 वा श्लोक नपुंसक, पतित, जन्मांध, जन्मबधिर, वेडा, जडबुद्धी, मुका व इंद्रियहीन यांना वडिलार्जित मालमत्तेतून वगळतो. त्याच्या पुढचा 202 वा श्लोक काय सांगतो तेही ऐका. या सर्वांना शहाण्या माणसाने अन्नवस्त्र द्यावे, असे तो सांगतो. वाटा नाही, पण पोटाला द्यावे! 'आम्ही त्याला जन्मभर सांभाळू' हे त्या थोरल्या भावाचे वाक्य त्याचे स्वतःचे नव्हते. ते मनूचे होते. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला बाबासाहेबांनी ज्या ग्रंथाचे दहन केले, त्या ग्रंथाचे एक पान आपण राखेतून उचलून मागच्या खोलीत जपून ठेवले आहे.

'सांभाळणे' या शब्दाची आपल्याला तरी भुरळ पडू नये. गावानेही आपल्या पूर्वजांना सांभाळलेच होते. येसकराची भाकर रोज दारोदार मिळत होती. सणाला उष्टे मिळत होते, मेलेले ढोर मिळत होते. गाव म्हणत असे, तुम्हांला पोटाला कमी पडू देत नाही, मग हक्क कशाला मागता? बाबासाहेबांनी ती भाकर टाकावयास सांगितली, कारण जी भाकर हक्काने मिळत नाही ती हाताबरोबर मानही खाली वाकविते. जी भाकर आपल्याला विषासमान वाटली, तीच आपण आपल्या अपंग भावाच्या ताटात वाढावी आणि वर तिला दया म्हणावे, हा कोणता न्याय?

मनूने मालमत्तेबरोबर माणसाची अब्रूही घेतली आहे. अकराव्या अध्यायात तो सांगतो की घोडा चोरणारा लंगडा होतो, वाणी चोरणारा मुका होतो, वस्त्र चोरणाऱ्याला कोड फुटते. म्हणजे अपंग माणूस हा चालताबोलता आरोपी; गुन्हा मागल्या जन्मीचा, साक्षीदार कोणी नाही, आणि शिक्षा मात्र या जन्मी. कोणत्याही न्यायालयात असा खटला एक क्षणही उभा राहणार नाही. तरीही आपल्या घरात अपंग मूल जन्मले की शेजारीण म्हणते, 'कोणाचे पाप आले ग पोटी!' आणि आई मान खाली घालते. दीक्षा घेतलेली आई मान खाली घालते!

माझ्या भगिनींनो, याच तर्काने आपल्याला अस्पृश्य ठरविले गेले होते. मागल्या जन्मी पाप केले म्हणून या जन्मी महार झाला, मांग झाला. निमूट सेवा कर, पुढचा जन्म बरा येईल! बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात गतकर्माच्या या सिद्धान्ताची चिरफाड केली आहे. दीनदुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी समाजाने व राज्याने झटकून टाकावी, याखेरीज या सिद्धान्ताचा दुसरा हेतू त्यांना दिसला नाही. जो सिद्धान्त आपल्यापुरता खोटा, तो आपल्या पांगळ्या मुलापुरता खरा कसा होईल?

भगवान बुद्धांनाही हा प्रश्न विचारला गेला होता. संयुत्तनिकायात मोळियसीवक नावाचा परिव्राजक विचारतो, माणूस जे जे सुखदुःख भोगतो ते सारे पूर्वीच्या कर्मानेच होते, असे काही श्रमण ब्राह्मण म्हणतात; आपले मत काय? भगवंत उत्तर देतात की काही वेदना पित्ताने होतात, काही कफाने, काही वाताने, काही तिन्हींच्या मिश्रणाने, काही ऋतुबदलाने, काही हेळसांडीने, काही आघाताने, आणि काही कर्मविपाकाने. सारेच पूर्वकर्माने होते असे म्हणणारे लोक, जे जगाला प्रत्यक्ष ठाऊक आहे त्याच्याही पलीकडे धावतात. अडीच हजार वर्षांपूर्वीचे हे उत्तर वैद्याच्या खोलीत शोभावे असे आहे. आपल्या मुलाला मेंदूचा पक्षाघात झाला असेल तर बाळंतपणात काय घडले ते विचारा. दृष्टी गेली असेल तर आहार, ताप, उपचार यांचा शोध घ्या. पाय गेला असेल तर यंत्राला जाळी का नव्हती, परांचीला आधार का नव्हता, हे मालकाला विचारा. पाप शोधणारा माणूस कारण शोधीत नाही. आणि कारण न शोधल्याने ज्याचा खरोखर दोष असतो तो मोकळा सुटतो.

आणि हा प्रश्न आपल्या समाजाच्या बाहेरचा नाही. 2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख अपंग मोजले गेले. त्यांपैकी सुमारे 29 लाख 63 हजार महाराष्ट्रातील होते. एकंदर लोकसंख्येत त्यांचे प्रमाण 2.21 टक्के भरले, तर अनुसूचित जातींमध्ये 2.45 टक्के. हा फरक आकाशातून पडलेला नाही. जेथे अन्न निकृष्ट, दवाखाना दूर, आणि कामे खाणीची, गटाराची, विटभट्टीची, तेथे शरीरे अधिक मोडतात. अपंगत्वाचा बराच भाग हा जातीने शरीरावर कोरलेला लेख आहे. म्हणून जो म्हणतो की आधी समाजाचे मोठे प्रश्न सोडवू, मग अपंगांकडे पाहू, त्याला मी सांगतो की हाच समाजाचा प्रश्न आहे. 'आधी स्वराज्य, मग अस्पृश्यांचे पाहू' हे वाक्य आपण एकदा ऐकले आहे. तेव्हा ते जितके लबाड होते, तितकेच आजही आहे.

कोणी अभ्यासू वाचक येथे मला अडवील. तो म्हणेल, विनयपिटकाच्या महावग्गात हातपाय तुटलेल्या, आंधळ्या, मुक्या, बहिऱ्या, लंगड्या माणसांना प्रव्रज्या देऊ नये असा नियम आहे, त्याचे काय? तो नियम आहे, मी लपविणार नाही. तो भिक्षेवर जगणाऱ्या संघात प्रवेशापुरता आहे. उपासकाच्या घरावर, विहारावर, वारसावर तो लागू नाही. आणि एवढ्यानेही समाधान होत नसेल, तर ग्रंथात आहे म्हणून मानू नका असे सांगणाऱ्या शास्त्याचे आपण अनुयायी आहोत, हे आठवा. जे बुद्धीला व माणुसकीला पटत नाही त्याची छाननी करावयास बाबासाहेबांनी आपणांस शिकविले. ती कसोटी फक्त परक्यांच्या ग्रंथांसाठी नाही.

धम्मपदाच्या अट्ठकथेत पहिलीच कथा चक्खुपाल थेरांची आहे. हे अंध अर्हत चंक्रमण करीत असता त्यांच्या पायाखाली किडे मेले. इतर भिक्खूंनी तक्रार केली. भगवंतांनी निर्णय दिला की त्यांना ते दिसत नव्हते व मारण्याची चेतना नव्हती, म्हणून दोष नाही. कथेचा हा भाग आपल्या मुलांना जरूर सांगा. याच कथेत पुढे टीकाकाराने भर घातली आहे की मागल्या जन्मी ते वैद्य होते, त्यांनी एका स्त्रीचे डोळे घालविले, म्हणून अंधत्व आले. तो भाग बाबासाहेबांच्या कसोटीवर घासून बाजूला ठेवा.

त्याच महावग्गात आणखी एक प्रसंग आहे. एक भिक्खू हगवणीने आजारी होऊन स्वतःच्या मळमूत्रात पडला होता. भगवंतांनी विचारले, तुझी शुश्रूषा कोणी करीत नाही काय? तो म्हणाला, नाही. मी भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून ते माझी शुश्रूषा करीत नाहीत. भगवंतांनी आनंदाकडून पाणी आणविले, स्वतः त्याला धुतले, उचलून मंचकावर निजविले, आणि संघाला बजाविले की ज्याला माझी सेवा करावयाची असेल त्याने आजाऱ्याची करावी. 'उपयोगी पडत नाही' हे आपल्या घरातील शब्द आहेत की नाहीत, हे प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे.

आता कायदा काय म्हणतो ते सांगतो; कारण हक्क माहीत नसलेल्या माणसाचा हक्क नसल्यासारखाच असतो. मनूचे ते कलम कायद्याने मेले आहे. 1928 च्या कायद्याने जन्मतः वेडे व जडबुद्धी सोडून इतर अपंगांवरील वारसाबंदी उठविली. उरलेली बंदी 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने उठली. त्याचे कलम 28 सांगते की कोणत्याही रोगामुळे, व्यंगामुळे वा विद्रूपतेमुळे कोणीही वारसाहक्कास अपात्र ठरत नाही. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. म्हणजे धर्मांतराने तो हक्क बुडत नाही. ज्या हिंदू संहितेसाठी बाबासाहेबांनी 1951 साली मंत्रिपद सोडले, तिच्या तुकड्यांपैकीच हा एक.

त्यानंतर 2016 चा अपंग व्यक्ती हक्क कायदा आला. तो 19 एप्रिल 2017 पासून अमलात आहे. 1995 च्या जुन्या कायद्यात सात प्रकारची अपंगत्वे होती, नव्यात एकवीस आहेत. कलम 13 अपंग व्यक्तीला मालमत्ता धारण करण्याचा व वारसाने मिळविण्याचा समान हक्क देते, आणि साहाय्य करणाऱ्याचे हित त्या व्यवहारात विरोधी असेल तर त्याने त्या व्यवहारापुरते साहाय्य करण्यापासून दूर राहावे असे बजाविते. हे कलम माझ्या त्या थोरल्या भावासाठीच लिहिले आहे असे मला वाटते. मुक्या साक्षीदाराने न्यायालयात खुणांनी दिलेली साक्ष कायदा तोंडी साक्षच मानतो. न्यायाधीश ज्याच्या खुणांवर विश्वास ठेवतात, त्याच्या खुणा घरातल्यांना कळत नाहीत, हे सोंग आता पुरे!

ठळक अपंगत्व असलेल्या मुलाला, म्हणजे ज्याच्या दाखल्यावर किमान 40 टक्के अपंगत्व लिहिलेले आहे अशा मुलाला, 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. जवळच्या शाळेत, किंवा इच्छा असेल तर विशेष शाळेत. अशा व्यक्तींना उच्च शिक्षणात 5 टक्के व सरकारी नोकऱ्यांत 4 टक्के जागा राखीव आहेत. हे आरक्षण आडवे आहे. म्हणजे आपला अपंग मुलगा अनुसूचित जातीचाही राहतो आणि अपंगांच्या जागेवरही दावा करू शकतो. बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळावयास 1956 पासून 1990 पर्यंत चौतीस वर्षे लागली. एवढ्या झगड्याने मिळविलेला जातीचा दाखला आपण पेटीत जपून ठेवतो. मग अपंगत्वाचा दाखला काढावयास लाज का वाटते? शासकीय रुग्णालयात तपासणी करून तो दाखला व यूडीआयडी ओळखपत्र काढा. दाखला हा कलंक नव्हे, दस्तऐवज आहे.

सार्वजनिक ठिकाणी अपंगाचा हेतुपुरस्सर अपमान करणाऱ्यास कलम 92 प्रमाणे सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आहे. जातीवाचक शिवीविरुद्ध आपण फिर्याद देतो, ते योग्यच आहे. पण आपल्याच वस्तीत 'ए लंगड्या', 'ए बहिऱ्या', 'ए येड्या' अशा हाका रोज घुमतात. माणसाचे नाव सोडून त्याला हिणवून हाक मारणे काय असते, हे आपल्याखेरीज अधिक कोणाला कळावे?

नावाविषयीही एक शब्द. 2016 पासून सरकारी कागदांत 'दिव्यांग' हे नाव रूढ झाले आहे. ज्यांना ते आवडते त्यांनी ते वापरावे. परंतु मला 'हरिजन' हा शब्द आठवतो. देवाचे लोक म्हणायचे आणि देवळाबाहेर ठेवायचे! 1938 साली मुंबईच्या विधिमंडळात तो शब्द कायद्यात घालण्यास विरोध करून बाबासाहेब व त्यांचा पक्ष सभागृहाबाहेर पडला होता. अंगाला दिव्यत्व चिकटविल्याने जिना चढता येत नाही. त्याला उतार लागतो.

आणि येथे मी आपल्या विहारांकडे येतो. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला बाबासाहेब दीक्षेच्या मंचावर उभे राहिले तेव्हा मधुमेहाने त्यांचे शरीर पोखरले होते, दृष्टी क्षीण झाली होती, पाय साथ देत नव्हते. हातात काठी होती आणि सोबत्याच्या खांद्याचा आधार होता. ज्या महापुरुषाने आपल्याला धम्म दिला तो त्या दिवशी आधारावाचून उभा राहू शकत नव्हता. आज ते आले तर आपल्या वस्तीतील विहाराच्या पायऱ्या त्यांना चढवतील काय? आपण वर्गणी काढून विहार उंच जोत्यावर बांधतो, संगमरवर घालतो, कमान उभारतो. आणि चाकाची खुर्ची असलेला उपासक बाहेर, चपलांजवळ बसून वंदना म्हणतो. देवळाच्या पायरीवर ज्यांना अडविले गेले त्यांच्याच विहारात पायरीने माणूस अडावा! येथेही कायदा आपल्या बाजूने आहे. 2016 च्या कायद्यात सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत धार्मिक कार्यासाठी वापरली जाणारी, लोकांना खुली असलेली खाजगी इमारतही येते.

भगिनींनो, एक गोष्ट विशेषतः आपल्यासाठी. 2021 साली सर्वोच्च न्यायालयापुढे आंध्र प्रदेशातील एका जन्मांध, अनुसूचित जातीच्या मुलीवरील बलात्काराचा खटला आला. बलात्काराबद्दलची जन्मठेप न्यायालयाने कायम केली. परंतु गुन्हा ती अनुसूचित जातीची आहे या कारणावरून घडल्याचा स्वतंत्र पुरावा नाही म्हणून अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील शिक्षा टिकली नाही. जात, स्त्रीत्व आणि अपंगत्व ही तीन ओझी एकाच स्त्रीच्या डोक्यावर एकत्र येतात तेव्हा ती वेगवेगळी तोलता येत नाहीत, हे मात्र त्या न्यायालयाने सविस्तर मांडले. आपल्या घरातील अपंग मुलगी सर्वांत एकटी असते, आणि म्हणून सर्वांत असुरक्षित असते. तिला मागच्या खोलीत ठेवणे म्हणजे तिचे रक्षण नव्हे. चार लोकांत मिसळणारी, शिकलेली, तक्रार कोणाकडे करावी हे जाणणारी मुलगीच सुरक्षित असते.

तेव्हा आपण काय करावे? वारसनोंदीत प्रत्येक अपंग वारसाचे नाव लावा, आणि कोणी हक्कसोडपत्र मागितले तर त्रयस्थ जाणत्या माणसाकडून त्याला समजावून दिल्यावाचून सही किंवा अंगठा घेऊ नका. 'आमच्यामागे याचे कोण?' ही चिंता ज्या आईबापांना आहे त्यांनी स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व वा बहुविकलांगता असलेल्या मुलासाठी 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे पालक नेमण्याचा अर्ज करावा. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातील 5 टक्के रक्कम अपंगांसाठी खर्च करावयाची असते. ग्रामसभेत उठून तिचा हिशेब मागा. विहाराला उतार बांधा, आणि तो बांधला जाईपर्यंत वंदना खाली अंगणात घ्या. विहार समितीवर एक तरी अपंग सभासद निवडा. त्याच्याविषयी बोलण्यापेक्षा त्याला बोलू द्या. बाबासाहेब म्हणूनच तर गोलमेज परिषदेला गेले होते. आपले दुःख दुसऱ्याने सांगावे हे त्यांना मान्य नव्हते.

त्या मधल्या भावाचे काय झाले, असे आपण विचाराल. त्याच्या वतीने हक्कसोडपत्र रद्द करून मागण्याचा दावा दाखल झाला आहे. मुदतीचा मुद्दा कठीण आहे, आणि ज्याने तो कागद लिहिला तो वकील या दाव्यात त्याचा वकील होऊ शकत नाही. तो साक्षीदार आहे. मी साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहून काय घडले ते सांगणार आहे. माझ्या व्यवसायात याने माझी अप्रतिष्ठा होईल, ती होवो.

आपल्यापैकी कोणाच्या पेटीत असा कागद असेल, तर न्यायालयाची वाट पाहू नका. आज रात्री तो बाहेर काढा, भावाला जवळ बसवा, आणि उद्या त्याचे नाव पुन्हा सातबाऱ्यावर लावण्याच्या कामाला लागा. दीक्षेच्या दिवशी आपण नवा जन्म घेतल्याचे जाहीर केले आहे. त्या नव्या जन्मात आपल्या भावालाही जन्मू द्या.

जय भीम!